डॉन पोस्टचा जुना फ्रँकनस्टाईन मुखवटा

डॉन पोस्ट स्टुडिओज या मुखवटे बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा, फ्रँकनस्टाईनच्या राक्षसाचा हा रबरी मुखवटा अखेर माझ्या कपाटात आला! कपाळावरच्या टाक्यांभोवतीचा हाताने दिलेला रंग तर बघत राहावा असा. बेन कूपर या हॅलोवीन पोशाखांच्या कंपनीचे इलॅस्टिकवाले प्लास्टिकचे मुखवटेही मला प्रिय आहेत, पण ते फक्त चेहऱ्यापुरते. हा अख्खं डोकं झाकतो, मागूनही राक्षसच दिसतो. (१९७८च्या ‘हॅलोवीन’ या भयपटातल्या खुनी मायकेल मायर्सचा चेहरा म्हणजे याच स्टुडिओचा, ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, पांढरा रंगवलेला.)

जुना नग घेताना मानेची कड आधी तपासा. लेटेक्स, म्हणजे मुखवट्याचं रबर, ऊन आणि उष्णतेने कडक होऊन तडकतं. आत फोमचं डोकं हवंच, नाहीतर गाल बसतात. माझ्याकडून पाचपैकी पाच.