जुन्या ट्रकच्या वायरिंगवर साधा मल्टिमीटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

चार दिवस उभ्या असलेल्या माझ्या जुन्या ट्रकच्या (१२-१२ व्होल्टच्या, एकामागे एक जोडून २४ व्होल्ट देणाऱ्या) दोन्ही बॅटऱ्या पूर्ण उतरल्या आणि दुसऱ्या गाडीवरून केबल जोडून तो सुरू केल्यानंतरही दिवे मंद होणे, सेल्फने नुसते ‘टक्’ करून थांबणे असे प्रकार चालूच राहिले, तेव्हा नव्या बॅटऱ्या घेण्याआधी मी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घेतला. त्यालाही आता आठ महिने झाले.

पहिला दोष त्याने दाखवला तो अर्थिंगचा. इंजिन आणि चासी यांना जोडणारी पट्टी ओहमवर (म्हणजे रोध मोजताना) जवळजवळ शून्य दाखवत होती, म्हणून मी ती निर्दोष समजलो होतो. पण ओहम मोजताना मीटर अगदी क्षीण प्रवाह सोडतो, आणि दोन-चार तारा शाबूत असल्या तरी तेवढा त्यातून सहज जातो. मीटरचा एक प्रोब (टोकदार सळई) बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा इंजिन ब्लॉकवर धरून सेल्फ मारायला लावला, तेव्हा आकडा १.४ व्होल्टवर गेला, म्हणजे तेवढे व्होल्ट त्या जोडणीतच वाया जात होते. पट्टीच्या टोकाचा लग (बोल्टने आवळायची धातूची चकती) सोडला तर खाली रंगाचा थर आणि हिरवट पांढरी भुकटी होती. घासून घट्ट केल्यावर तोच आकडा ०.२ वर आला.

बॅटऱ्या मात्र तरीही उतरत होत्या. सगळे बंद करून, निगेटिव्ह केबल सोडून ती आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला, तर १.८ अँपिअर प्रवाह वाहत होता; चार दिवसांत हा हिशेब १७० अँपिअर-तासांच्या पुढे जातो. एकेक फ्यूज काढूनही आकडा हलला नाही. अल्टरनेटरची जाड वायर फ्यूजबॉक्समधून जातच नाही, हे लक्षात आल्यावर ती सोडली आणि आकडा एकदम खाली आला. अल्टरनेटरमधला डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत होता. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागत असे, ते मी आधीच ओळखायला हवे होते. डायोड बदलल्यापासून चार्जिंग २८ व्होल्टच्या आसपास स्थिर आहे.

एक बॅटरी कायम १२.१ आणि दुसरी १२.७ का दाखवते, याचे उत्तर टेपरेकॉर्डरच्या वायरीत मिळाले. कुणीतरी २४ व्होल्टच्या जोडीतील एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले होते. त्यामुळे ती उपाशी राहत होती आणि दुसरीचे पाणी अतिचार्जिंगने आटत होते. आता मध्ये २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आहे.

मीटरच्या तक्रारीही आहेत. प्रोबच्या वायरी थंडीत ताठरतात, पडद्याला उजेड नसल्याने केबिनखाली आकडा दिसत नाही, आणि सेल्फ ओढतो ते शेकडो अँपिअर मोजणे याच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यासाठी वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा डीसी क्लॅम्प मीटरच हवा. आतला फ्यूज मात्र माझ्याच चुकीने उडाला, कारण लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये ठेवूनच मी बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलो. तेव्हापासून त्या सॉकेटवर चिकटपट्टी लावलेली असते.