कार्बन फूटप्रिंट: खर्चावरून काढायचा की वापरावरून?

हिशेबाच्या वह्या चोख, पण मीटरच्या नोंदी विस्कळीत. अशा वेळी कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या कामांमुळे होणारं हरितगृह वायूंचं एकूण उत्सर्जन, मोजायला कुठली पद्धत धरावी, हा प्रश्न छोट्या व्यवसायांना हमखास पडतो.

मेहनत पाहिली तर खर्चाची पद्धत सोपी. खात्यातली रक्कम गुणिले त्या क्षेत्राचा उत्सर्जन गुणांक (दर रुपयामागे किती उत्सर्जन होतं तो आकडा), की झालं. वापरावरून मोजायचं तर लिटर, युनिट, किलोमीटर गोळा करावे लागतात. बारा महिन्यांची बिलं जमवण्यातच निम्मा वेळ जातो.

खरा फरक अचूकतेत. १०० लिटर डिझेल जाळलं की सुमारे २६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, दर काहीही असो. खर्चाच्या पद्धतीत डिझेल महागलं की फूटप्रिंट फुगतो, आणि घासाघीस करून माल स्वस्तात आणला तर कागदावर प्रदूषण घटतं! गुणांक ज्या वर्षाचा, त्या वर्षाच्या किमतीत रक्कम आणली नाही तर आकडा आणखी भरकटतो.

वापराच्या पद्धतीतही खड्डे आहेत. एसीत पुन्हा भरलेला गॅस हिशेबातून हटकून सुटतो. आर-४१०ए हा एसीतला गॅस १ किलो गळाला तर तो सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. विजेला भलत्याच ग्रिडचा (वीजजाळ्याचा) दर युनिटमागचा गुणांक लावणं तर नेहमीचंच.

पहिला ढोबळ अंदाज किंवा स्टेशनरी, सल्लागारांची फी अशा किरकोळ बाबींसाठी खर्चाची पद्धत पुरे. इंधन, वीज, मुख्य कच्चा माल मात्र वापरावरूनच मोजा. वर्षागणिक कपात दाखवायची असेल तर दुसरा इलाज नाही. घरगुती हिशेबालाही हीच बरी, वीजबिलावर युनिट छापलेले असतातच.