देवपूजेच्या दगडांचं दुकान, गणपतीपुळ्याच्या बाजूला – ३ स्टार

शाळीग्राम, बाण, स्फटिक असलं काही घ्यायचं असेल तर बिनधास्त जा, आणि उल्केचं लॉकेट घ्यायला जात असाल तर पैसे खिशातच राहू द्या. एवढं वाचून पुढे स्क्रोल केलंत तरी चालेल. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण दुकानवाले काका माणूस म्हणून वाईट नाहीत आणि उल्केचा माल त्यांच्याही गळ्यात कुणीतरी मारलेला असणार असं मला वाटलं.

आमच्या देवघरातल्या पंचायतनातला (पाच देवांचे पाच दगड एकत्र पुजतात त्यातला) गणपती, म्हणजे शोण नदीतला तो लाल शोणभद्र, घराची डागडुजी चालली होती तेव्हा कुठे गडप झाला कोणास ठाऊक, म्हणून गेलो होतो. हल्ली पाचही दगड एका जागी मिळणं कठीण झालंय. विष्णूचा गंडकीतला शाळीग्राम, शंकराचा नर्मदेतला बाण, सूर्याचा स्फटिक आणि देवीचा सुवर्णमुखी नदीतला धातूसारखा चमकणारा दगड, हे सगळं काकांकडे वेगवेगळ्या डब्यांत कापसात ठेवलेलं होतं, आणि कुठला कुठून आला ते न विचारता सांगत होते. पॉलिश केलेल्या बाणाला त्यांनी स्वतःच "हा मशीनवर घासलेला आहे हां, नदीत एवढा गुळगुळीत होत नाही" म्हणून सांगितलं, तिथेच मला माणूस आवडला.

शाळीग्राम तर बघत बसावे असे. हा मुळात अमोनाइट नावाच्या शंखवाल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा, हिमालय वर यायच्या आधी तिथे समुद्र होता त्या वेळचा, आणि नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूला काली गंडकीत वाहत येतो. पुराणात वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरून चक्र करतो म्हणतात, म्हणजे आत काहीतरी जिवंत होतं हे आपल्या लोकांनी त्यांच्या परीने हेरलंच होतं की! काकांनी एकाच्या तोंडात मोबाईलचा टॉर्च मारून दाखवला, आत शंखाच्या बारीक शिरा गोल गोल फिरत गेलेल्या, दोन शिरांमधलं अंतर कुठेही सारखं नाही आणि एका कडेला पायराइट या खनिजाचे सोनेरी कण. नकली ओळखायची खूण हीच, कोरलेल्या चक्राच्या रेषा सगळ्या एका मापाच्या येतात. आता शाळीग्राम विकत घेऊ नये, कुणीतरी द्यावा असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, त्यावर काकांचं उत्तर तयार, "दगड तुम्हाला दिला, पैसे प्रवासखर्चाचे." बरं बाबा! तुळशीच्या लग्नाच्या आधी गर्दी असते म्हणे, तेव्हा भाव पण चढतात.

आता उल्का. काउंटरवर वेगळा काचेचा शोकेस, आत लाईट, काळ्या दोऱ्यात ओवलेले खडबडीत तुकडे आणि वर बोर्ड, "आकाशातून पडलेला देव, शनिपीडेवर रामबाण, मक्केतही उल्काच पुजतात". टेस्ट काय, तर काका लोहचुंबक लावतात आणि तुकडा टच्चकन चिकटतो. अहो पण लोहचुंबक आपल्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर फिरवलंत तरी काळी वाळू मिशीसारखी चिकटून येते, ती काय सगळी आकाशातून पडली का? मी हातात घेतला तो तुकडा तुटलेल्या बाजूने भोकाभोकांचा होता, पावाच्या स्लाइससारखा. खऱ्या उल्केत अशी भोकं जवळपास नसतातच, बाहेरून पातळ काळी जळकी साल असते आणि आतून घट्ट. भोकांचा जड काळा दगड म्हणजे बहुतेक वेळा लोखंडाच्या भट्टीतला कचरा. अर्जेंटिनातल्या काम्पो देल सिएलोच्या लोखंडी उल्केचे खरे तुकडे बाजारात मिळतात, पण लोखंडी उल्का कापून ॲसिड लावलं की आत एकमेकांना छेद देणाऱ्या पट्ट्या दिसतात त्याला विडमनस्टाटेन नक्षी म्हणतात, लाखो वर्षं हळूहळू गार झाल्याशिवाय ती येत नाही, भट्टीत तर नाहीच. कापलेली बाजू दाखवा म्हटलं तर काका म्हणे कापला की दैवत जातं. सर्टिफिकेट होतं, पण त्याच्यावर वजन आणि दुकानाचा शिक्का एवढंच.

आणि तो मक्केचा बोर्ड तरी काढा राव. हज्रे अस्वद, म्हणजे मक्केच्या काबातला काळा दगड, उल्का आहे असं काही जण म्हणतात, तसं सिद्ध कुणी केलेलं नाही, आणि मुसलमान त्याची पूजा करत नाहीत, प्रदक्षिणेच्या वेळी चुंबन घेतात किंवा लांबून हात करतात. खरं उदाहरणच द्यायचं तर अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या विलामेट उल्केचं द्या, साडेपंधरा टनांची, तिथल्या मूळच्या क्लॅकमस जमातीच्या लोकांचा तो देव, नाव तोमानोवोस. १९०६ पासून न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये आहे आणि २००० साली करार झाला तेव्हापासून त्या लोकांना वर्षातून एकदा तिथे जाऊन विधी करता येतो. त्यांनी त्याचे तुकडे करून लॉकेटं नाही विकली.

आपल्याकडे तर जांभ्याच्या दगडाला शेंदूर लावून वडाखाली ठेवला तरी गावचा राखणदार होतो, आणि त्याला कुणी सर्टिफिकेट विचारत नाही, मग शनीसाठी भट्टीतला कचरा हजारात कशाला? हे काकांना बोललो, ते हसले, बोर्ड मात्र तिथेच.

बाकी : शोणभद्र मिळाला, भाव वाजवी वाटला, पावती मागितल्यावर दिली. जीपे चालतं पण रेंज गेली की रोख द्यावी लागते. पार्किंग नाही, दुपारी जेवायला बंद करतात त्यामुळे सकाळी जा, आणि शाळीग्राम बघायचा असेल तर दुकानातल्या पिवळ्या लाईटखाली नको, बाहेर उन्हात आणून बघा, काका नाही म्हणत नाहीत.