ऑइल पंप आणि चेंबरच्या नावाखाली 46,500 चा चुना: इंजिन बांधणाऱ्यांनी आधी हे वाचा

"बिलेट गियर"चा, म्हणजे अखंड पोलादातून कापलेल्या गियरचा, ऑइल पंप 28,500 रुपये. "बॅफलवाला रेसिंग चेंबर", म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, 17,500 रुपये. वर ट्रान्सपोर्टचे 500. एकूण 46,500 मोजून घेतले आणि दिलं काय, तर जुना, घासून रंगवलेला पंप आणि मूळच्यापेक्षा वाईट चेंबर. विकणारा कुठला परराज्यातला फोनवाला नाही, नागपुरातच दुकान थाटून बसलेला माणूस आहे. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण माल ओळखायच्या खुणा सगळ्या देतो.

गाडी जुनी होंडा सिटी व्हीटेक, डी-सीरिज इंजिन. या इंजिनात पंप चेनवर किंवा वेगळ्या शाफ्टवर चालत नाही, थेट क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, नाकावर बसतो. क्रँकवर समोरासमोर दोन सपाट बाजू असतात, त्या पंपाच्या आतल्या रोटरला, म्हणजे गियरला, फिरवतात. क्रँकला जेवढे झटके बसतात तेवढे सगळे त्या रोटरलाही बसतात. कंपनीचा रोटर दाबून भाजलेल्या लोखंडी भुकटीचा असतो. रोजच्या चालवण्याला तो उत्तम आहे, पण इंजिन सतत वरच्या आरपीएमला ठेवलं, किंवा रबरवाली मूळ पुली काढून हलकी ॲल्युमिनियमची लावली, की तडकू शकतो. रोटर फुटला की प्रेशर एका क्षणात शून्य. अखंड पोलादातून कापलेला रोटर घ्यायचा तो एवढ्यासाठीच, आणि हीच भीती दाखवून हा धंदा चालतो.

राग येतो तो इथे. पंपाच्या मागच्या झाकणाला चपट्या डोक्याचे स्क्रू असतात. फॅक्टरीतून एकदाच आवळलेल्या स्क्रूची खाच स्वच्छ, कडा धारदार. या पंपाच्या खाचा खाल्लेल्या होत्या, त्यांत रंग भरला होता आणि एका खाचेत तो रंग वाळून फुगलेला स्पष्ट दिसत होता. कधीही न उघडलेल्या पंपाचे स्क्रू कोणी कशाला खाईल? झाकण उघडून दाखवा म्हटल्यावर उत्तर आलं, "काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ? सील तुटलं का वारंटी गेली." त्याच मिनिटाला माल काउंटरवर ठेवून निघायला हवं होतं. पण सील तोडलं की वारंटी जाते ही अट खऱ्या कंपन्याही घालतात, खोक्यावर होलोग्राम होता, पार्ट नंबर इंजिनशी जुळत होता. अशा वेळी कोणताही समंजस गिऱ्हाईक पैसे देतो. या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर होलोग्राम छापतात.

दुसरा पुरावा म्हणून मोबाइलवर व्हिडिओ दाखवला गेला: हाच पंप, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) 85 पीएसआय. राजेहो, थंड इंजिनावर घट्ट तेलाचं प्रेशर कोणत्याही पंपाला दाखवता येतं. पंप प्रेशर तयार करत नाही, तो तेल ढकलतो. पुढे बेअरिंगच्या फटींत जो अडथळा होतो त्याचं प्रेशर दिसतं. आणि वरची मर्यादा जास्तीचं तेल सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग ठरवते. पंप उघडल्यावर त्या स्प्रिंगखाली दीड-दीड मिलिमीटरचे दोन वायसर निघाले. काटा वर जावा म्हणून घातलेले, दुसरं काही नाही. त्याने तेलाचा पुरवठा थेंबभर वाढत नाही, उलट थंड स्टार्टला फिल्टर फुगतो, त्याचं रबर बाहेर फेकलं जातं आणि रोटरवर फुकटचा भार येतो.

पाहायचं ते गरम तेलावर. या इंजिनांना तेल 80 अंशांवर असताना आयडलला किमान 10 पीएसआय आणि 3,000 आरपीएमला किमान 50 लागतं. इथे मिळालं 6 आणि 38. वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम जोडणारी व्हीटेकची पिन तेलाच्या प्रेशरनेच सरकते, त्यामुळे तो कॅम लागणंही बंद. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातल्यावर कारण उघड झालं: दोन रोटरांच्या टोकांमधली फट 0.26 मिलिमीटर, मर्यादा 0.20. रोटर आणि झाकण यांच्यातली फट 0.19, मर्यादा 0.15. म्हणजे पंप नुसता जुना नाही, बाद झालेला. बॉडी काचेच्या दाण्यांनी ब्लास्ट करून चकाचक केलेली, आणि ते दाणे तेलाच्या वाटेत तसेच. पांढरा कपडा ओला करून वाटेतून फिरवला तर चमचमणारी कणी हाताला लागली. ती सरळ बेअरिंगमध्ये जाते.

आणि "बिलेट"? चुंबक लावून पाहा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, भाजलेल्या भुकटीचं लोखंडही चुंबकाला तसंच चिकटतं. घनता काढा. रोटर पेट्रोलने धुऊन पूर्ण वाळवायचा, सराफाच्या काट्यावर हवेत तोलायचा, मग बारीक दोऱ्याने पाण्यात बुडता टांगून तोलायचा. बुडबुडे चिकटू द्यायचे नाहीत. इतवारीच्या सराफा बाजारात असा काटा कोणीही दोन मिनिटं वापरू देतो. हवेतलं वजन 118.4 ग्रॅम, पाण्यातली घट 17.2 ग्रॅम. भागाकार 6.88. अखंड पोलाद 7.85 च्या आसपास यायला हवं. सात किंवा त्याखाली आलं की तो भुकटीचा रोटर. नजरेनेही कळतं: साच्यातल्या रोटरचा पृष्ठभाग मंद, दाणेदार, आकडे साच्यातच उमटलेले. कापलेल्या रोटरवर हत्याराच्या रेघा दिसतात.

चेंबरची लबाडी तर याहून घातक. मूळ चेंबर पत्र्याचा, आत तेल उसळू न देणारी बॅफलची पाटी. त्याने तो कापून तळाला 25 मिलिमीटरची पट्टी जोडली, "एक लिटर तेल जास्त" म्हणून विकला, आणि पंपाकडे तेल ओढणाऱ्या जाळीचा पाइप मूळच्याच लांबीचा ठेवला. जाळीचं तोंड आणि तळ यांच्यात 6 ते 10 मिलिमीटर अंतर हवं. कमी असेल तर तेल ओढलं जात नाही, जास्त असेल तर खालचं तेल जाळीच्या कामाचं नाही. मोजणं अगदी सोपं: जाळीवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा ठेवा, गॅस्केटसकट चेंबर बसवून चार बोल्ट हाताने आवळा, काढा, दबलेल्या मातीची जाडी व्हर्नियरने घ्या. इथे ती 31 मिलिमीटर आली. ते विकत घेतलेलं एक लिटर तेल जाळीच्या खाली नुसतं पडून राहणार.

बरं, मूळ बॅफल कापून टाकला आणि त्याजागी बिजागरीची दारं लावली, तीही उलटी. ही दारं जाळीच्या दिशेने आत उघडली पाहिजेत, म्हणजे वळणावर तेल जाळीकडे येतं आणि परत जायला लागलं की दार मिटतं. याची दारं बाहेर उघडत होती: तेल निघून जाणार आणि परत येताना बंद दाराला धडकणार. शिवमडक्याला समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजवरचं लांब वळण, साधा वेग, आणि प्रेशरचा काटा 55 वरून 12 वर. सरळ रस्त्याला पुन्हा वर. वळणावर पडणारं आणि सरळीला उठणारं प्रेशर म्हणजे जाळी हवा ओढते आहे. तिथेच इंजिन बंद करायचं, घरापर्यंत न्यायचं नाही. आयडलला ठकठक ऐकू येते तोवर कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, म्हणजे बिग-एंड, बेअरिंगचा थर गेलेला असतो.

पुढचा खर्चही लिहून ठेवतो. बेअरिंग सेट 7,200. क्रँक ग्राइंडिंग आणि पॉलिश 3,800. गॅस्केट सेट 4,650. दोनदा तेल-फिल्टर 5,100. मजुरी 11,000. हे 31,750, म्हणजे एकूण 78,250 रुपये.

आता सरकारी दारं. ठाण्यात पहिलं वाक्य: ही दिवाणी बाब आहे. खोटा माल खरा म्हणून विकणं ही दिवाणी बाब? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी लिहिलं? होलोग्रामचा खोका पुढे ठेवला तर म्हणाले, कंपनीने तक्रार करावी. बनावट ट्रेडमार्कच्या मालावर धाड टाकायची तर उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं, त्यामुळे एका गिऱ्हाइकासाठी कोणी खुर्चीतून हलत नाही. मग सूरच फिरला: "तुम्ही गाडी मॉडिफाय करून राहिले, तुमच्यावरच केस होईल." फसवलेल्या माणसाला हे ऐकवतात! ऑइल पंप बदलल्याने आरसीवरचा एक शब्द बदलत नाही. इंजिन नंबर तोच, क्षमता तीच, इंधन तेच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीतल्या तपशिलाबद्दल आहे, ते घाबरवायला वापरायची गरज नाही. सायबरच्या टेबलावर उत्तर, माल मिळाला म्हणजे सायबर फसवणूक नाही. बँकेत उत्तर, यूपीआय तुम्हीच केलं. लेथवाला तोंडी सांगतो पंप बाद आहे, पण लेटरहेडवर लिहून द्यायला तयार नाही, त्याला कोर्टाच्या तारखा नकोत. आणि लेखी अहवाल नाही तर कोणी फाइल उघडत नाही. माणसाने जायचं कुठे?

ठाण्याने नोंदवून घेतलं नाही तर तोंडी वाद घालत बसू नका. तीच तक्रार लेखी, रजिस्टर्ड पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे. पोस्टाची पावती फाइलला लावा. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं, आणि मालाची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915. मात्र पक्कं बिल गाडीमालकाच्या नावाने हवं. गॅरेजच्या नावाने असलं की समोरचा वकील पहिला मुद्दा व्यापारी खरेदीचा काढतो. या दुकानाने दिलेली कच्ची चिठ्ठी, तीवर फक्त "पंप सेट" आणि आकडा. बिलावर पार्टचं पूर्ण नाव, "बिलेट पोलादी रोटर" हे शब्द आणि जीएसटी नंबर लिहून घेतल्याशिवाय यूपीआयचा पिन दाबू नका.

मुळात 7,000 आरपीएमच्या आत चालणाऱ्या रस्त्यावरच्या गाडीला कंपनीचा नवा पंप पुरतो. खरंच पुरतो. जास्त तेल ढकलणारा पंप लावला आणि हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, तेल परत उतरायच्या वाटा तशाच राहिल्या, तर तेल वर अडकतं आणि चेंबर रिकामा होतो. चेंबर खोल करण्यापेक्षा मूळ चेंबरलाच नीट बॅफल लावून घ्या, जागा हवी तर बाजूला रुंद करा. आपल्याकडचे स्पीडब्रेकर पाहता 25 मिलिमीटर खाली लोंबणारा चेंबर पहिल्याच महिन्यात घासतो. ॲल्युमिनियमचा असेल तर तडकतो. पत्र्याचा चेपतो, तळ जाळीला टेकतो आणि तेल बंद, बाहेरून मात्र गळती दिसत नाही. वेल्डिंग केलेला चेंबर जाड काचेवर उलटा ठेवून कडेखाली फीलर घाला, तो गेला म्हणजे कड वाकडी. मग चेंबर सरळ करून आत रॉकेल भरून रात्रभर बाहेरून खडू फासून ठेवा. ओला डाग म्हणजे वेल्डमध्ये भोक. बसवताना 6 मिलिमीटरच्या बोल्टना 12 न्यूटन-मीटर पुरे. त्याहून आवळलं तर गॅस्केट बाहेर येतं. नवा पंप कोरडा बसवू नका, रोटरमध्ये पेट्रोलियम जेली भरा आणि प्लग काढून काटा हलेपर्यंत स्टार्टर मारा.

हा माल अजून विकला जातो आहे. खोका काळा मॅट, होलोग्राम झाकणाच्या जोडावर न लावता बाजूला चिकटवलेला. पंपाच्या बॉडीवरचा कास्टिंग नंबर घासलेला, तिथे बोट फिरवलं तर सपाट खळगा लागतो. रिलीफ व्हॉल्व्हच्या बुचाच्या कडा पान्याने चेपलेल्या. चेंबरच्या आत राखाडी स्प्रे पेंट, जो गरम तेलात सुटून जाळीवर येतो. यातली एकही खूण दिसली तर झाकणाचे स्क्रू दुकानातच उघडायला लावा, व्हिडिओ चालू ठेवून, आणि वायसर मोजा.