रेड मासाई की डॉर्पर: जंतांपुढे कोणती मेंढी टिकते?

पूर्व आफ्रिकेतील रेड मासाई आणि दक्षिण आफ्रिकेत 1930 च्या दशकात डॉर्सेट हॉर्न व ब्लॅकहेड पर्शियन यांच्या संकरातून घडवलेली डॉर्पर, या दोन जातींमधील फरक सर्वांत ठळकपणे दिसतो तो हिमॉन्कस कॉन्टॉर्टस या रक्तशोषक जंताच्या बाबतीत. हा जंत मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो. प्रादुर्भाव वाढला की पापण्यांची आतली बाजू पांढुरकी पडते आणि जबड्याखाली पाणी साठून सूज येते. केनियाच्या दमट किनारपट्टीवरील अभ्यासांत रेड मासाईच्या लेंड्यांत जंतांची अंडी कमी आढळली, रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण अधिक राहिले आणि कोकरांची मरतूकही कमी झाली. डॉर्पर अंगाने भरदार आणि झपाट्याने वाढणारी खरी, पण अशा कुरणात तिचा हा फायदा मरतुकीतच निघून जातो. कोरड्या प्रदेशात, जिथे जंतांच्या अळ्या गवतावर फार काळ तग धरत नाहीत, तिथे मात्र रेड मासाईची ही आघाडी बरीच कमी होते. ही प्रतिकारशक्ती एकाच जनुकावर नव्हे, तर अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांवर अवलंबून असते. त्यामुळे दमट भागात वाढीसाठी डॉर्पर नर आणायचाच असेल, तर कळपातील रेड मासाई माद्या विकू नयेत, असे माझे मत आहे.