पॉलिशखाली दडवलेले लाकूड: जुन्या लाँचच्या केबिनचे काम करताना झालेली फसवणूक

खानापूर तालुक्यातल्या माणसाला सागवान ओळखायला शिकवावे लागत नाही, असा आपल्याकडे समज आहे. तरीही बेळगावातल्या एका लाकूड व्यापाऱ्याने सागवानाच्या भावात मला जो माल दिला, तो पॉलिशखाली असा दडवला होता की अनुभवी मिस्त्रीलाही नुसते पाहून संशय आला नसता. जुनी घरे, वाडे किंवा होड्या दुरुस्त करून घेणाऱ्यांनी सावध राहावे, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

कारवारला काळी नदीच्या मुखाजवळ आमच्या कुटुंबाची जुनी, केबिन असलेली लाकडी लाँच आहे. तिच्या तळाचे काम तिथल्याच कारागिरांनी केले. केबिनच्या आतले काम, म्हणजे छताच्या सांध्यांवरच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी, बाकांच्या कडा आणि हेलकाव्यात भांडी घसरू नयेत म्हणून फडताळांना लावायचे बुटके कठडे, बेळगावात करून घ्यायचे ठरले. होडीच्या आत सरळ रेष जवळजवळ नसतेच, त्यामुळे प्रत्येक पट्टीसाठी पुठ्ठ्याचा साचा कापून, त्यावर क्रमांक घालून आम्ही तो व्यापाऱ्याकडे दिला. त्याने दाखवलेला नमुना अस्सल होता: गाभ्याचे सागवान, हाताला किंचित तेलकट, रंधा मारताच चामड्यासारखा वास येणारे. माल दांडेलीच्या सरकारी डेपोतल्या लिलावाचा आहे असे त्याने सांगितले, घनफुटावर भाव ठरला आणि निम्म्याहून अधिक रक्कम त्याने आगाऊ घेतली.

पट्ट्या आल्या त्या पॉलिश होऊनच. "खारी हवा कोऱ्या लाकडाला मानवत नाही, म्हणून मीच हात मारून दिला," असे तो म्हणाला. हे कारण ऐकायला रास्त वाटते, आणि खरी मेख तिथेच आहे.

पावसाळ्यानंतर केबिन उघडली तेव्हा स्क्रूंवरच्या डाटांभोवती काळे डाग पडलेले होते, कारण पितळी म्हणून दिलेले स्क्रू वरून मुलामा दिलेले लोखंडी निघाले. चुंबक लावताच तो चिकटला. बाकांच्या कडांमधून पिठासारखा भुसा गळत होता. मिस्त्रींनी एक पट्टी काढून तिच्यावर रंधा फिरवला, तसा वरचा तपकिरी रंग गेला आणि खाली पांढुरके लाकूड उघडे पडले. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो; सालीजवळच्या पांढऱ्या भागाला कीड आणि बुरशी दोन्ही लागतात, आणि आम्हाला मिळालेल्या बहुतेक पट्ट्या त्याच भागाच्या होत्या. काही तर सागाच्याही नव्हत्या, कारण कापलेल्या टोकावर सागाची ठळक वर्षवलये दिसत नव्हती.

प्लायवुडचेही तेच. मरीन प्लायवुडचे भारतीय मानक ७१० आहे आणि त्याच्या चिकटाईला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावे लागते. आमच्या तक्त्यांवर मात्र ३०३ हा सर्वसाधारण प्लायवुडचा शिक्का होता, तोही भिंतीकडच्या, न दिसणाऱ्या बाजूला. तक्ता घेतानाच हा आकडा वाचावा आणि आयएसआय चिन्हासोबतचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर पडताळावा.

जाब विचारायला गेलो तेव्हा व्यापारी म्हणाला, "पांढरा भाग झाला तरी तो सागाचाच की!" त्याने दिलेल्या बिलावर केवळ 'बीडिंग पट्टी' असे लिहिले होते; लाकडाची जात नाही, गाभ्याचा उल्लेख नाही, जीएसटी क्रमांकही नाही. लिलावाचा कागद मागितला, तो त्याने आजवर दाखवलेला नाही. ज्याला मराठीतून, नात्यागोत्याच्या ओळखी सांगत विश्वासात घेतले, त्याच गिऱ्हाइकाशी असे वागणे मला फार लागले. आपल्या भागात चोख व्यवहार करणारे वखारवाले पुष्कळ आहेत, आणि अशा एका माणसामुळे त्यांच्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

लाकूड नेहमी कोरे ताब्यात घ्यावे, प्रत्येक तुकड्याचे टोक समोर कापून पाहावे, आणि बिलावर 'सागवान, गाभा' असे स्पष्ट लिहून घेतल्यावरच उरलेली रक्कम द्यावी. पॉलिश आपल्या मिस्त्रीकडून आपल्यासमोर करून घ्यावे.

होडी घरगुती वापराची असल्याने २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मला दाद मागता येते. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आधी माहितीही मिळते. व्यापाऱ्याला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली आहे. काढलेल्या पट्ट्या साच्यांच्या क्रमांकांसह बांधून ठेवल्या आहेत, आणि नोटिशीला उत्तर न आल्यास त्याच आयोगासमोर मांडणार आहे.