कोर्सच्या व्हिडिओंना डीआरएम आणि वॉटरमार्क लावून ८ महिने झाले, आता लिहिते

माझा ब्लाऊज कटिंगचा ऑनलाइन कोर्स आहे, ६२ व्हिडिओ आणि सोबत पेपर ड्राफ्टच्या पीडीएफ. आधी यूट्यूबवर अनलिस्टेड टाकून लिंक द्यायचे. पण लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला सगळं दिसतं, कुणीतरी अख्खी बॅच टेलिग्रामवर ९९ रुपयांना विकायला काढली. दोन रात्री झोप नाही. मग वर्षाचे १८ हजार एकदम भरून डीआरएमवाली, म्हणजे व्हिडिओ कॉपी किंवा रेकॉर्ड होऊ नये म्हणून कुलूप लावणारी, होस्टिंग घेतली. कंपनीचं नाव देत नाही, तक्रार अजून चालू आहे.

अँड्रॉइड अॅपवर स्क्रीनशॉट काळा येतो, रेकॉर्डिंगही काळंच, आयफोनवर पण तेच. लॅपटॉपचं मात्र बघून घ्या. तिथे क्रोममध्ये बहुतेक वेळा वाइडवाइनची (हे गुगलचं डीआरएम) एल३ ही सगळ्यात खालची पातळी असते, म्हणजे सगळी मदार सॉफ्टवेअरवर, मी साध्या रेकॉर्डरने घेऊन बघितलं तर चित्र स्वच्छ आलं! विकताना हे कुणी बोललं नाही. मी लॅपटॉप लॉगिनच बंद केलं.

आता वॉटरमार्क. जी बघतेय तिचा मोबाईल नंबर स्क्रीनवर फिरत राहतो. कटोरी ब्लाऊजच्या धड्यात मुंढ्याचा (बाही जोडतात तिथला) गोल देताना मी कॅमेरा अगदी जवळ घेतलाय, खडूची रेघ शोल्डरवरून उतरते आणि अर्धा इंच आत वळते, ते वळण बघायलाच तर बायका पैसे भरतात, आणि नेमका तिथेच नंबर येऊन बसतो. नंबर पांढरा, खडूही पांढरा. एकीचा मेसेज आला, "ताई मुंढा दिसतच नाही, दोनदा अस्तर वाया गेलं." मला फार लागलं ते. सपोर्टला म्हटलं नंबरचा रंग तरी बदलू द्या, तर तीन महिने एकच उत्तर, विनंती नोंदवली आहे. शेवटी निळा खडू घेऊन ९ व्हिडिओ परत शूट केले, १८ हजार भरून वर हे काम.

इथपर्यंत मी दोनच स्टार देणार होते. पण दिवाळीनंतर कटोरीचा धडा परत टेलिग्रामवर दिसला. एका मोबाईलवर व्हिडिओ लावून दुसऱ्याने शूट केलेला, त्याला कुठलंही डीआरएम अडवू शकत नाही. पण त्याच मुंढ्यावर नंबरचे शेवटचे पाच आकडे स्पष्ट वाचता येत होते. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये शोधलं, मिनिटात नाव मिळालं. फोन केला तर ती रडायलाच लागली, लॉगिन नात्यात कुणाला तरी दिलं होतं. मी लॉगिन बंद केलं, पोलिसात गेले नाही. चॅनल पब्लिक होतं म्हणून टेलिग्रामने तक्रारीवर व्हिडिओ काढला, खासगी ग्रुपात असता तर अवघड गेलं असतं. कोर्टात जायचं असेल तर दिल्ली हायकोर्टाचा २०२२ चा निकाल वकिलाला दाखवा, कोचिंगच्या नीतू सिंग मॅडमच्या केसमध्ये टेलिग्रामला चॅनलवाल्यांचे फोन नंबर आणि आयपी अॅड्रेस द्यायला लावले होते.

तर डीआरएमला तीन स्टार, आणि ज्या वॉटरमार्कवर एवढी चिडले होते त्याला चार. पाचवा रंग बदलता येईल तेव्हा. पीडीएफला मात्र यांच्याकडे काहीच संरक्षण नाही, डाउनलोड केली की मोकळी. म्हणून ड्राफ्ट आता मी छापूनच पाठवते, प्रत्येक पाकिटावर विद्यार्थिनीचं नाव हाताने लिहून.